अणुबॉम्ब टाकणे खरंच गरजेचे होते का? – सातवीच्या वर्गातला वादविवाद आणि माझे मत



ऑगस्ट महिना आला की आपल्या परिपाठात दिनविशेषांची गर्दी होते. १ तारखेला लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, ९ ला क्रांतिदिन, १५ ला स्वातंत्र्यदिन. या गर्दीत ६ ऑगस्ट, म्हणजे हिरोशिमा दिन, फळ्यावरच्या एका ओळीत आटोपतो. फार तर एखादा विद्यार्थी "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग" पासून सुरू होणारं पाठ केलेलं भाषण करतो. त्यात 'विज्ञान शाप की वरदान' या निबंधातली चार वाक्यं असतात. टाळ्या होतात आणि मुलं रांगेने वर्गात जातात.

२०२५ मध्ये हिरोशिमाला ८० वर्षं झाली. मी सातवीच्या वर्गात भाषणाऐवजी वादविवाद ठेवला. विषय असा: 'दुसरे महायुद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणे आवश्यक होते.' त्यावरून स्टाफरूममध्ये आणि पालकांमध्येही बरीच चर्चा झाली. "एवढ्या लहान मुलांना हा विषय कशाला?" असं काहींचं म्हणणं होतं. म्हणून हे लिहीत आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिला बॉम्ब टाकायला हवा होता असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो, पण पटत नाही. दुसरा बॉम्ब टाकायला हवा होता असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतही नाही. वर्गात मात्र हे मत मी वादविवाद संपेपर्यंत सांगितलं नव्हतं.

हा विषय का घेतला त्याचं कारण जूनमधलं आहे. २२ एप्रिलला पहलगामला जे झालं त्यात आमच्या डोंबिवलीतले तिघं गेले. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी आमच्या मुलांनी पाहिली, काही जण आई-वडिलांबरोबर तिथे गेलेही होते. मग मे महिन्यात चार दिवस टीव्हीवर क्षेपणास्त्रं, ड्रोन, मॉक ड्रिल. मुलं घरीच होती, सुट्टी होती, म्हणजे सगळं पाहून झालं. १६ जूनला शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात एक मुलगा म्हणाला, "बाई, अमेरिकेने कसे जपानवर दोन टाकले आणि विषय संपवला. आपण पण तेच करायला पाहिजे होतं." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या.

त्या मुलाचा राग खोटा नाही. आपल्या गल्लीतला माणूस सहलीला जातो आणि परत येत नाही, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाला राग येणारच. मोठ्यांना येतो, ग्रुपवर हेच वाक्य फिरत होतं. पण 'दोन टाकले आणि विषय संपला' हे नुसतं रागाचं वाक्य नाही. ते इतिहासाबद्दलचं विधान आहे, आणि विधान असेल तर ते खरं की खोटं हे तपासता येतं. "असं बोलू नये" म्हणून मुलाला गप्प बसवणं सोपं होतं. मग तो तेच वाक्य रिक्षा स्टँडवर जाऊन बोलला असता.

आता अडचण अशी की सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवकाल आणि मराठेशाही आहे, दुसरं महायुद्ध नाही. म्हणून आधी दोन तासिका माहितीत घालवाव्या लागल्या. त्यात एक गोष्ट लक्षात आली. मुलांना वाटतं हे युद्ध म्हणजे युरोप, हिटलर, नाहीतर जपान. आपल्याकडे काही नव्हतंच. मी विचारलं, उल्हासनगरला 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असं का म्हणतात? कोणालाच माहीत नव्हतं, आणि आमच्या वर्गातली तीन मुलं तिथूनच येतात! ते कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उभी केलेली लष्कराची छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली आणि १९४९ मध्ये उल्हासनगर नाव पडलं. हाजीमलंगच्या रस्त्यावर नेवाळीला विमानांची धावपट्टी आहे, तीही त्याच युद्धातली. तिच्यासाठी इंग्रजांनी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून २०१७ च्या जूनमध्ये तिथे केवढं मोठं आंदोलन झालं, ते घरी आजी-आजोबांना विचारा म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने तिच्या आजोळची, नेवाळीच्या बाजूची, सगळी हकीकत आणली. युद्ध १९४५ ला संपलं, पण आपल्या शेजारच्या गावात त्याचा सात-बारा अजून मिटलेला नाही.

बॉम्ब केवढा होता हे समजावणं त्याहून अवघड. 'पंधरा हजार टन टीएनटी' हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात. मी मुंबई गोदीचा स्फोट घेतला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती. जहाज फुटलं, गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली, आणि त्याच दिवसाच्या आठवणीत आपण अग्निशमन दिन पाळतो. आता भागाकार करा. मुलांनी केला: हिरोशिमाचा बॉम्ब त्याच्या दहापट. आमच्या मुलांना एमआयडीसीतला २३ मे २०२४ चा स्फोट आठवतो, काहींच्या घरच्या काचा फुटल्या होत्या. त्यामुळे 'स्फोट' हा शब्द त्यांच्यासाठी फक्त पुस्तकातला नाही. मग डोंबिवलीच्या नकाशावर स्टेशन मध्यबिंदू धरून दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगितलं. हिरोशिमात साधारण एवढ्या भागात जवळपास सगळं कोसळलं आणि जळून गेलं. कोपर आणि ठाकुर्लीपर्यंत पेन्सिल गेली तेव्हा वर्ग शांत झाला. (गणिताच्या सरांनी 'वर्तुळ' आधीच घेऊन ठेवलं होतं, त्यांचे आभार.)

आता बाजूने काय म्हणता येतं ते पाहू. इथे मला आपल्या नेहमीच्या हिरोशिमा दिनाच्या भाषणांबद्दल तक्रार आहे. त्यात जपान म्हणजे बिचारा आणि अमेरिका म्हणजे राक्षस, एवढंच असतं. जपानने काय केलं होतं हे येतच नाही. आणि ते सांगायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव मुलांना ऐकून माहीत असतं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. कशासाठी पाठवलं? जपानने चीनवर आक्रमण केलं होतं आणि जखमींचे हाल होते म्हणून. कोटणीस परत आलेच नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय अवघं ३२. चीनमध्ये त्या युद्धात किती लाख माणसं मेली याचा अंदाजच करवत नाही. युद्ध जितके महिने लांबणार तितके महिने ते चालू राहणार होतं.

दुसरं, अंदमान. आपली मराठी माणसं सेल्युलर जेल पाहायला मोठ्या संख्येने जातात आणि सावरकरांची कोठडी पाहून येतात. मार्च १९४२ पासून त्या बेटांवर जपान्यांचा ताबा होता, हे त्या सहलीत क्वचितच कोणी सांगतं. याच जेलमध्ये त्यांनी आपल्या लोकांना हेर ठरवून छळलं. ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घालून मारलं. आणि ऑगस्ट १९४५ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हिरोशिमाच्या अगदी आगेमागे, धान्य कमी पडतं म्हणून शेकडो लोकांना बोटीत घालून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. आज आपण हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करायला जातो.

तिसरं, आपले सैनिक. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा लाईट इन्फंट्रीची एक पलटण जपान्यांशी लढली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची कितीतरी घरं अशी आहेत ज्यांतलं कोणी ना कोणी 'बर्मा फ्रंट'वर होतं, आणि त्या घरांची नातवंडं-पतवंडं आज कल्याण-डोंबिवलीत राहतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने पणजोबांचं पदक रुमालात गुंडाळून आणलं. सप्टेंबर १९४५ मध्ये भारतातून फौजा पाठवून मलायात उतरायची इंग्रजांची योजना तयार होती. शरणागती झाली म्हणून ते उतरणं लढाईशिवाय पार पडलं. हे कळल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे बॉम्ब पडला नसता तर पणजोबांना तिकडे लढायला जावं लागलं असतं."

याला मी पुस्तकी उत्तर देऊ शकत नव्हते, आणि द्यायचंही नव्हतं.

ओकिनावाचं उदाहरण बाजूच्या गटाने चांगलं मांडलं. एप्रिल ते जून १९४५ या काळात त्या एका बेटासाठी सुमारे १२ हजार अमेरिकन आणि एक लाखाच्या आसपास जपानी सैनिक मेले, शिवाय तेवढेच सामान्य नागरिक. मग मुख्य जपानी बेटांवर १ नोव्हेंबरला ठरलेली चढाई झाली असती तर? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आणखी एक गोष्ट. दोन्ही बॉम्ब पडल्यावरही जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळात सहापैकी तीन जण अजून अटी घालत होते. शेवटी सम्राटाला मध्ये पडावं लागलं. १४ ऑगस्टच्या रात्री तर काही अधिकाऱ्यांनी सम्राटाच्या भाषणाची रेकॉर्ड पळवून शरणागती थांबवायचा प्रयत्न केला. असे हट्टी लोक नुसत्या निदर्शनाने ऐकले असते का, असं बाजूवाले विचारतात. रास्त आहे.

तरीसुद्धा 'आवश्यक होते' हे मला पटत नाही, आणि त्याचं मुख्य कारण दयामाया नाही, तारखा आहेत.

२६ जुलैला पॉट्सडॅमचा इशारा दिला. जपानची सगळ्यात मोठी अडचण सम्राटाचं काय होणार ही होती, आणि त्या इशाऱ्यात त्याबद्दल एक शब्द नव्हता. जपान रशियामार्फत तडजोडीचा मार्ग शोधतो आहे हे अमेरिकेला माहीत होतं, कारण जपानच्या गुप्त तारा ते वाचत होते. शेवटी काय झालं? सम्राटाला ठेवलंच. हिरोहितो १९८९ पर्यंत गादीवर होते! जी गोष्ट बॉम्ब टाकून झाल्यावर मान्य केली ती आधी बोलून पाहिली असती तर काय बिघडलं असतं? तेवढ्याने जपान शरण आलाच असता असं मी म्हणत नाही. पण एक मार्ग न वापरता दुसऱ्याला 'आवश्यक' म्हणता येत नाही. औषध न देता ऑपरेशन करायचं आणि वर म्हणायचं, दुसरा इलाजच नव्हता.

मग रशिया. ८ ऑगस्टला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ९ च्या पहाटे मांचुरियात फौजा घुसल्या. म्हणजे ज्याच्यामार्फत तडजोड करायची तोच अंगावर आला. जपान शरण आला तो बॉम्बमुळे की रशियामुळे, यावर इतिहासकार अजून भांडतात. दोन्ही धक्के तीन दिवसांत आले, त्यामुळे वेगळे काढता येत नाहीत. एवढं मात्र नक्की की 'दोन टाकले आणि विषय संपला' या वाक्यात रशिया कुठेच नसतो.

आणि आकडे. 'बॉम्बमुळे दहा लाख अमेरिकन वाचले' असं आपण ऐकतो. तो आकडा मुख्यतः १९४७ मधला आहे. माजी युद्धमंत्री स्टिमसन यांनी लेख लिहिला, त्यात दहा लाखांहून अधिक अमेरिकन मृत आणि जखमी मिळून होण्याचा अंदाज दिला. लोकांनी 'आणि जखमी' गाळून टाकलं. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजकांच्या एका टिपणात मृतांचा अंदाज ४० हजारांच्या आसपास होता. दुसरे अंदाज याहून मोठेही होते. मुलांना मी हे मुद्दाम दाखवलं, कारण निर्णय आधी झाला आणि आकडा नंतर वाढला, हे व्यवहारात आपण नेहमी पाहतो. ४० हजार माणसं ही काही थोडी नाहीत, हेही एका मुलीने लगेच सुनावलं. बरोबरच आहे तिचं.

आता नागासाकी. वादविवादात मुलं 'अणुबॉम्ब' एकवचनी बोलतात, जणू एकच होता. मी त्यांना सांगितलं, प्रत्येक मुद्द्यानंतर विचारा: हा मुद्दा दुसऱ्या बॉम्बलाही लागू होतो का? बाजूच्या गटाची तिथेच पंचाईत झाली. २५ जुलैचा आदेश असा होता की बॉम्ब तयार होतील तसे टाकत जा. नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्षांनी वेगळा निर्णय घेतलाच नाही. दुसरा बॉम्ब आधी ११ ऑगस्टला टाकायचा होता, हवा बिघडणार म्हणून दोन दिवस अलीकडे आणला. जपानचे शास्त्रज्ञ हिरोशिमात पोहोचले ८ तारखेला, म्हणजे हा अणुबॉम्बच आहे का हे त्यांना नीट कळेपर्यंत दुसरा निघालाही होता. तो पडणार होता कोकुरा शहरावर. तिथे ढग-धूर होता म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी तिथे बॉम्ब पडला तेव्हा तोक्योत युद्धमंडळाची बैठक सुरूच होती, शरण जायचं की नाही यावर. त्यानंतर, १० तारखेला, ट्रुमन यांनी हुकूम दिला की माझ्या परवानगीशिवाय आता पुढचा टाकायचा नाही. हा हुकूम दोन दिवस आधी दिला असता तर सत्तर हजार माणसं वाचली असती. इथे मी तटस्थ राहू शकत नाही.

या विषयात आपल्या जवळचा एक धागा मला वाचताना सापडला, तो मुलांनाही फार आवडला. २९ जून १९४६ च्या रात्री गांधीजींची खास गाडी पुण्याला चालली होती. नेरळ आणि कर्जतच्या मध्ये कोणीतरी रुळांवर मोठे दगड ठेवले होते. इंजिनाचं नुकसान झालं, गाडी कशीबशी वाचली, आणि गांधीजी म्हणे झोपूनच होते. आपल्या कर्जत लोकलचाच मार्ग! तिथून पुण्याला पोहोचल्यावर १ जुलैला त्यांनी अणुबॉम्बवर लेख लिहिला, तो 'हरिजन'मध्ये छापून आला. काही अमेरिकन मित्रांचं म्हणणं होतं की या बॉम्बच्या भीतीनेच जगात अहिंसा येईल. गांधीजींनी उत्तर दिलं त्याचा सारांश असा: गोडधोड ओकारी येईपर्यंत खाल्लेला माणूस काही वेळ त्याकडे पाहत नाही, पण मळमळ थांबली की पुन्हा दुप्पट तुटून पडतो, तसं जगाचं होईल. जपानची बाजू त्यांनी अजिबात घेतली नाही. जपानची हाव जास्त वाईट होती असं त्यांनी मानलं, पण त्यामुळे कमी वाईट असणाऱ्याला एका भागातली बायका-मुलं सरसकट मारायचा हक्क मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या गाडीखाली दगड आले होते हे लक्षात घेऊन तो लेख वाचा.

विरोधी गटाला हे उदाहरण मिळाल्यावर ते जिंकल्यासारखे वागू लागले. तेव्हा बाजूच्या गटातली एक मुलगी उठून म्हणाली, "गांधीजी बरोबर असतील, पण अंदमानात समुद्रात ढकललेल्या लोकांना गांधीजींचा लेख मिळाला नव्हता." मी वहीत लिहून ठेवलं.

एक माहिती मी मुद्दाम शेवटी दिली. ६ ऑगस्टच्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर कामाला लावलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचे, ते काम. आठ हजारांच्या आसपास मुलं होती, त्यातली सहा हजारांहून जास्त मेली. बहुतेक बारा-तेरा वर्षांची, म्हणजे आपल्या हिशेबाने सातवी-आठवी. तिसरी ते सहावीची मुलं आधीच शिक्षकांबरोबर खेड्यांत हलवली होती. ती वाचली, पण त्यातल्या अनेकांना घ्यायला नंतर कोणी आलं नाही. शिक्षक म्हणून मी या ओळीशी नेहमी थांबते. त्या मुलांना रस्त्यावर कामाला कोणी लावलं? त्यांच्याच सरकारने, आणि त्यांच्याच शिक्षकांनी हजेरी घेऊन. बॉम्ब अमेरिकेचा होता, पण मुलं तिथे उभी करणारे आपले व्यवसायबंधू होते.

हे ऐकून विरोधी गटातल्या मुलीने पदकवाल्या मुलाला सरळ विचारलं, "तुझे पणजोबा वाचावेत म्हणून ही मुलं मेली तर चालेल का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला नाही माहीत. पण ते परत आले म्हणून मी आहे." मी घंटा वाजवून वेळ संपल्याचं सांगितलं. त्याला गुण कमी दिले नाहीत, उलट जास्त दिले. ठोकळेबाज परीक्षणात 'प्रभावी समारोप' नावाचा रकाना असतो, त्यात हे बसत नाही. रकानाच बदलायला हवा.

पालकांपैकी एका वडिलांनी मेसेज केला: "मॅडम, माझ्या मुलाला बॉम्बच्या विरोधी गटात का घातलं? उद्या तो शत्रूची बाजू घ्यायला लागेल." ते सुशिक्षित आहेत, रोज बदलापूर फास्टला लोंबकळून मुंबईला जातात, मुलासाठी झटतात. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. मी त्यांना कळवलं की गट चिठ्ठ्या टाकून केले आणि दुसऱ्या फेरीत बाजू बदलायची आहे, तेव्हा त्यांचा मुलगा बॉम्बच्या बाजूनेही बोलेल. बोललाही, आणि विरोधात बोलला त्याहून चांगला. पण मला त्यांना खरं म्हणजे असं सांगायचं होतं की दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत मांडता येणं म्हणजे त्याचं होऊन जाणं नव्हे. न्यायाधीशाला दोन्ही वकिलांचं ऐकावं लागतं म्हणून तो चोर होत नाही.

दुसरीकडे माझ्याच काही सहकाऱ्यांचं म्हणणं उलट आहे. शाळेत शांतीचाच संदेश द्यावा, 'बाजूने' असा गटच नको. मला हे पटत नाही. बाजूने बोलायला कोणी नसेल तर मुलं विरोधी मत फक्त परीक्षेपुरतं लिहितात आणि मनात 'दोन टाकले, विषय संपला' तसंच राहतं. सुरुवातीला हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेक सगळे 'आवश्यक होते' म्हणाले होते. शेवटी साधारण अर्धे. हे माझं यश असं म्हणणार नाही, कारण जी मुलं बाजूनेच राहिली त्यातल्या काहींनी आता कारण दिलं, आणि विरोधात गेलेल्या काहींनी फक्त मैत्रिणीकडे बघून हात वर केला. आपण वर्गात शिकवतो म्हणजे हे सगळं ओळखतोच.

ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. माहितीच्या दोन तासिका आधी ठेवाच, नाहीतर मुलं यूट्यूबवरचं जसंच्या तसं म्हणतात. जखमींचे फोटो दाखवू नका, नकाशा पुरतो. अणुऊर्जा आणि अणुबॉम्ब यांची सरमिसळ मुलं हमखास करतात. तारापूरचा प्रकल्प १९६९ पासून वीज देतो आणि तो पालघर वेगळा होण्याआधी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, एवढं सांगून तो विषय बाजूला ठेवा, त्याचा वेगळा वादविवाद होऊ शकतो. पाकिस्तानचा विषय मुलं काढणारच. तो काढू दिला तरी चालतो, पण आधी १९४५ पूर्ण करायचं. १९४५ ला बॉम्ब एकाकडेच होता, आज दोघांकडे आहेत, हा फरक आमच्या वर्गात मुलांनीच काढला, मला सांगावा लागला नाही. ज्या मुलाने जूनमध्ये ते वाक्य म्हटलं होतं त्यानेच विचारलं, "मग त्यांनी पण ठाण्यावर टाकला असता का?" नकाशावरचं वर्तुळ अजून फळ्याशेजारी लावलेलंच होतं.

तिसरी-चौथीला मात्र हा वादविवाद घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना सदाको सासाकीची गोष्ट सांगा. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. कागदाचा क्रौंच करायला शिकवा. क्रौंच मला स्वतःला तिसऱ्या प्रयत्नात जमला, घड्या नीट पडायला कागद चौरसच लागतो, ए-फोर तसाच घेऊन बसू नका.

आमच्या सातवीचा पुढचा तास १५ ऑगस्टनंतर आहे. भारताच्या स्वातंत्र्याची तारीख माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट ठरवली, कारण त्याच दिवशी दोन वर्षांपूर्वी जपानची शरणागती जाहीर झाली होती आणि आग्नेय आशियातले सरसेनापती तेच होते. ध्वजवंदनाला उभं राहताना ही तारीख कुठून आली ते घरी शोधून या, असं मुलांना सांगितलं आहे. पालकांनीही विचारलं तर चालेल.